कोरीव पिस्तुलाचे गंजापासून संरक्षण

पोलादावर कोरलेली नक्षी तिच्या रेषांच्या कडा तीक्ष्ण असतात तोपर्यंतच जिवंत राहते. कोरणीने काढलेली मुख्य रेषा मिलिमीटरच्या काही दशांशांपेक्षा क्वचितच खोल असते. पानांच्या छटा दाखविण्यासाठी ओढलेल्या बारीक रेषा तर त्याहूनही पुष्कळ उथळ असतात. अशा रेषेत गंज शिरला म्हणजे दोन प्रकारे हानी होते. गंज स्वतः धातू खातो ही पहिली हानी. आणि तो काढण्यासाठी केलेल्या घासण्याने रेषेभोवतालचा निरोगी धातूही निघून जातो ही दुसरी. पुष्कळदा दुसरी हानी पहिलीपेक्षा मोठी असते. म्हणून कोरीव पिस्तुलाच्या बाबतीत गंज काढण्यापेक्षा तो धरू न देणे यालाच अधिक महत्त्व आहे, आणि त्यासाठी कोणता लेप निवडावा हा प्रश्न विचारपूर्वक सोडवावा लागतो.

साध्या पिस्तुलासाठी उत्तम ठरलेला लेप कोरीव पिस्तुलाला चालेलच असे नाही. लेपाने गंज थांबविला, पण नक्षी बुजवून टाकली, तर त्याचा उपयोग काय? उलट नक्षी खुलून दिसली, पण दोन पावसाळ्यांत खाचांच्या तळाशी तांबूस ठिपके उमटले, तर तोही लेप वायाच गेला. निवड करताना या दोन्ही गोष्टींचा मेळ घालावा लागतो.

गंज धरण्याची क्रिया

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन ही दोन्ही लागतात. ओलसर पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म विद्युत्‌घट तयार होतात. त्यांच्या एका टोकाशी लोखंडाचे अणू आयनरूपाने पाण्यात उतरतात, तर दुसऱ्या टोकाशी ऑक्सिजन आणि पाणी यांपासून हायड्रॉक्साइड आयन बनतात. या दोहोंच्या संयोगातून आणि पुढील ऑक्सिडीकरणातून जो तांबूस, भुसभुशीत पदार्थ तयार होतो तोच गंज. त्याचे आकारमान तो ज्या लोखंडापासून बनला त्याच्या कित्येक पट असते. त्यामुळे लेपाखाली धरलेला गंज लेपाला फुगवून वर उचलतो.

हवेतील आर्द्रता आणि गंज यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्ये व्हर्नन या शास्त्रज्ञाने १९२० ते १९४० या काळात केला. गंजण्याचा वेग आर्द्रतेबरोबर हळूहळू वाढत नाही, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पलीकडे गेली की तो एकदम वाढतो, असे त्याने दाखवून दिले. या मर्यादेला निर्णायक आर्द्रता म्हणतात. मुंबई, कोची किंवा कोलकाता येथे पावसाळ्याचे कित्येक आठवडे हवेतील आर्द्रता या मर्यादेच्या खूप वर असते.

पृष्ठभागावर क्षार असल्यास ही मर्यादाही उरत नाही. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतील पाणी शोषून द्रवरूप होते. समुद्राच्या मिठात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओलावते. समुद्रकाठच्या गावी बंद कपाटातली शस्त्रेही गंजतात ती यामुळे. हाताच्या घामातही क्लोराइड असते. पिस्तूल हाताळल्यावर त्यावर बोटांचे ठसे जसेच्या तसे गंजाच्या रूपाने उमटलेले आढळतात.

बंदुकीच्या बाबतीत क्षारांचा आणखी एक उगम असतो. काळ्या दारूच्या ज्वलनानंतर नळीत पोटॅशियमचे क्षार उरतात आणि ते ओलावा खेचून घेतात. पुढील काळातील अनेक काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट वापरले जाई. त्यापासून पोटॅशियम क्लोराइड बनते आणि त्याचा परिणाम साध्या मिठासारखाच होतो. असे क्षार तेलात विरघळत नाहीत. त्यांच्यावर कितीही तेल चोळले तरी ते तेलाच्या थराखाली आपले काम करीतच राहतात. ते पाण्यानेच धुऊन काढावे लागतात. म्हणून जुन्या काळचे सैनिक नळी प्रथम गरम पाण्याने धूत, कोरडी करीत आणि त्यानंतरच तिला तेल लावीत. कोणताही लेप चढविण्यापूर्वी हाच क्रम पाळावयास हवा: आधी क्षारमुक्त करणे, मग कोरडे करणे, आणि शेवटी लेप.

कोरीव पृष्ठभाग या सर्व बाबतींत सपाट पृष्ठभागाहून दुबळा असतो. खाचेत पाणी, घाम आणि धूळ साठून राहतात. फडके तळापर्यंत पोहोचत नाही. आणि रेषेच्या तीक्ष्ण कडेवर कोणताही पातळ लेप मागे सरकून अधिकच पातळ होतो. म्हणजे जेथे संरक्षणाची गरज सर्वांत जास्त, तेथेच ते देणे सर्वांत कठीण असते.

लेपापूर्वीची तयारी

नव्या पिस्तुलाच्या बाबतीत कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम भागांना अखेरची झिलई दिली जाते, मग मऊ स्थितीतील पोलादावर नक्षी कोरली जाते, आणि कठिणीकरण व लेप या क्रिया त्यानंतर होतात. कोरल्यानंतर पुन्हा जोराने झिलई करणे टाळतात. फिरत्या कापडी चाकावर धरलेला कोरीव भाग काही क्षणांतच आपल्या कडा गमावून बसतो. अक्षरे पुसट होतात, भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात आणि पानांच्या शिरा नाहीशा होतात. जुन्या पिस्तुलांवर नव्याने रंग चढविताना झालेली बहुतेक नासाडी रंगाच्या रसायनांनी केलेली नसून त्याआधीच्या झिलईने केलेली असते. वाळूचा झोत मारून पृष्ठभाग खरखरीत करणे हेही सूक्ष्म नक्षीला तितकेच घातक होय.

स्वच्छतेसाठी आम्ल वापरल्यास कठीण केलेल्या पोलादाला दुसराही धोका असतो. आम्लक्रियेत आणि विद्युत्‌विलेपनात निर्माण होणारा हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ बनवितो. म्हणून स्प्रिंगा अशा क्रियांपासून दूर ठेवतात. इतर कठीण भागांना विलेपनानंतर सुमारे १९० अंश सेल्सियस तापमानात काही तास तापवून हायड्रोजन बाहेर घालविण्याचा प्रघात आहे. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करून घेणे ही अर्थातच प्रत्येक कामाची पहिली पायरी असते.

पोलादाचाच रंग

पोलादाला निळाकाळा रंग देण्याच्या क्रियेला कारखान्यात ब्लूइंग म्हणतात. हा रंग बाहेरून लावलेला नसतो. पृष्ठभागावरील लोखंडाचेच काळ्या चुंबकीय ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये, रूपांतर केलेले असते. थराची जाडी साधारणपणे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इतकीच असते. त्यामुळे अत्यंत बारीक रेषाही बुजत नाही. कोरीव शस्त्रांसाठी ही पद्धत पूर्वीपासून पसंत केली गेली, याचे मुख्य कारण हेच होय.

या क्रियेचे दोन प्रमुख प्रकार आहेत. जुन्या प्रकारात लोखंडाचे क्षार असलेले आम्लयुक्त द्रावण पातळ पुसून भाग दमट कपाटात काही तास ठेवतात. त्यावर बारीक, एकसारखा गंज धरला की भाग स्वच्छ पाण्यात उकळतात. उकळण्याने तांबडा गंज काळ्या ऑक्साइडात बदलतो. मग सैल राहिलेली काजळी मऊ तारेच्या ब्रशाने किंवा बारीक पोलादी लोकरीने अलगद काढतात. ही सर्व आवर्तने अनेकदा, पुष्कळदा पाच-सात वेळा करावी लागतात. उकळण्याची पायरी गाळली, तर रंग तपकिरी राहतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील अनेक बंदुकांच्या नळ्यांवर हा तपकिरी रंग आढळतो. गंजाने गंजाला अडविण्याची ही युक्ती वरकरणी विचित्र वाटते. पण नियंत्रित, घट्ट चिकटलेला आणि तेल प्यायलेला ऑक्साइड हा मोकाट वाढणाऱ्या गंजाहून वेगळाच पदार्थ असतो.

दुसऱ्या प्रकारात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट किंवा नायट्राइट क्षारांच्या तीव्र द्रावणात भाग सुमारे १४० अंश सेल्सियसला बुडवितात. काम अर्ध्या तासाच्या आसपास पुरे होते, म्हणून कारखान्यांनी हा प्रकार स्वीकारला. परंतु ते उकळते अल्कली ॲल्युमिनियमला विरघळविते आणि मऊ डाखकामावर हल्ला करते. कथील व शिसे यांच्या मिश्रणाने जोडलेल्या जुन्या नळ्या त्यात उकलू शकतात. शिवाय खाचांत आणि सांध्यांत अडकलेले क्षार नीट धुतले नाहीत, तर काही आठवड्यांनी ते पांढऱ्या पुळ्यांच्या रूपाने बाहेर येतात.

खोलीच्या तापमानाला नुसते चोळून निळा रंग देणारी जी द्रावणे बाजारात मिळतात त्यांत बहुधा सेलेनियम आणि तांबे यांची संयुगे असतात. खरचटलेली एखादी कड झाकण्यापुरती ती ठीक असतात. संपूर्ण पिस्तुलाचे संरक्षण त्यांच्यावर सोपविणे योग्य नव्हे.

कोणत्याही पद्धतीने चढविलेला निळा रंग एकट्याने गंज थांबवू शकत नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. हा थर सच्छिद्र असतो. त्याचे खरे सामर्थ्य त्याच्या छिद्रांत तेल किंवा मेण धरून ठेवण्यात आहे. तेल सुकले किंवा पुसले गेले की निळे पोलाद उघड्या पोलादापेक्षा थोडेसेच सुरक्षित असते.

हाडांच्या व लाकडाच्या कोळशात तापवून पाण्यात विझविलेल्या भागांवर निळ्या, राखी आणि पिवळसर रंगांचे ढग उमटतात. ही क्रिया मुळात पृष्ठभाग कठीण करण्यासाठी असते आणि रंग हे तिचे देखणे उपफल होय. तो रंग अतिशय पातळ असून घासण्याने आणि काळाच्या ओघात फिका पडतो. निर्माते त्यावर बहुधा पारदर्शक रोगण देत असत. गंजाविरुद्धचा लेप म्हणून त्याची गणना करता येणार नाही.

फॉस्फेटचा लेप हा याच वर्गातील, पण स्वभावाने वेगळा आहे. १९०६ मध्ये थॉमस कॉस्लेट याने इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत सुधारलेल्या स्वरूपात तो पार्करायझिंग या नावाने ओळखला जाऊ लागला आणि दोन महायुद्धांतील असंख्य सैनिकी शस्त्रांवर वापरला गेला. झिंक किंवा मँगनीज फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक पोलादावर वाढतात आणि तेल भरपूर शोषून घेतात. गंज रोखण्यात हा लेप निळ्या रंगापेक्षा निश्चितच सरस आहे. पण त्याचा थर कित्येक मायक्रॉन जाडीचा, खरखरीत आणि निस्तेज असतो. प्रकाश परतविणारी झळाळती रेषा हाच ज्या नक्षीचा प्राण, ती त्याखाली राखेने झाकल्यासारखी दिसते. रणांगणावर जो गुण, तोच येथे दोष ठरतो.

धातूचे मुलामे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८७० नंतर, अमेरिकन रिव्हॉल्व्हरांवर निकेलचा मुलामा लोकप्रिय झाला. घाम आणि काळ्या दारूची काजळी यांना तो निळ्या रंगापेक्षा चांगला तोंड देई आणि पुसायलाही सोपा असे. परंतु निकेल आणि पोलाद यांचे विद्युत्‌रासायनिक नाते ध्यानात घ्यावयास हवे. निकेल पोलादापेक्षा कमी क्रियाशील आहे. मुलाम्यात एखादे छिद्र राहिले, तर तेथे निकेल वाचते आणि खालचे पोलाद अधिक वेगाने झिजते. गंज आतल्या आत पसरतो आणि मुलाम्याचे पापुद्रे सुटतात. जस्ताचे याच्या अगदी उलट आहे. ते स्वतः झिजून पोलादाला वाचविते. परंतु त्याचा करडा रंग आणि त्यावर येणारी पांढरी भुकटी शोभेच्या वस्तूवर खपत नाही.

विद्युत्‌प्रवाहाने दिलेल्या मुलाम्याची कोरीव कामात एक अंगभूत अडचण आहे. प्रवाह कडा आणि कोपरे यांवर एकवटतो व खाचांच्या तळाशी कमी पोहोचतो. परिणामी मुलामा कडांवर जाड बसून त्यांची धार मारतो आणि तळाशी, जेथे ओल साठते, तेथे तो पातळ राहतो. ही अडचण दूर करणारी पद्धत अमेरिकेत ब्रेनर आणि रिडेल यांनी १९४६ मध्ये पुढे आणली. तीत बाहेरून विद्युत्‌प्रवाह न देता, हायपोफॉस्फाइटच्या साहाय्याने द्रावणातील निकेल पोलादावर बसविले जाते. फॉस्फरसयुक्त निकेलचा हा थर खाच, कड आणि सपाटी यांवर जवळजवळ सारख्याच जाडीने चढतो. नव्या, मध्यम खोलीच्या नक्षीच्या आणि प्रत्यक्ष वापरात राहणाऱ्या पिस्तुलासाठी हा मुलामा विचार करण्याजोगा आहे. तरीही दहा-पंधरा मायक्रॉनांचा थर केसासारख्या रेषांना थोडा गुळगुळीतपणा आणतोच. कठीण क्रोमियमचा मुलामा टिकाऊ असला, तरी तो विद्युत्‌प्रवाहानेच दिला जात असल्याने कडांची वरील अडचण त्यात अधिकच जाणवते.

चांदीचा मुलामा हा हौसेचा भाग आहे. अमेरिकन सेनापती जॉर्ज पॅटन याने १९१६ मध्ये घेतलेले कोल्ट रिव्हॉल्व्हर कोरीव, चांदीचा मुलामा दिलेले आणि हस्तिदंती मुठीचे होते. चांदी गंजत नाही, पण हवेतील आणि दारूच्या धुरातील गंधकाने ती काळवंडते. ती उजळण्यासाठी वारंवार घासावी लागते. प्रत्येक घासणीत मुलाम्याचा थोडा अंश जातो आणि शेवटी नक्षीच्या उंचवट्यांवर पोलाद उघडे पडते.

मुलामा दिलेल्या पिस्तुलाच्या सफाईतही दक्षता लागते. निकेलच्या खाली पुष्कळदा तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. नळीतील तांब्याचे डाग काढणारी अमोनियायुक्त द्रावणे एखाद्या भेगेतून आत शिरली, तर तो थर विरघळतो आणि वरचे निकेल निराधार होऊन सुटते.

मेण, तेल आणि रोगण

खनिज तेल स्वस्त आणि सोपे आहे, परंतु ते ओघळते, धूळ धरते आणि काही महिन्यांत पातळ होते. जवसासारखी सुकणारी तेले कालांतराने पिवळी, कडक आणि न विरघळणारी होतात. खाचेत वाळलेले असे तेल काढणे फार कष्टाचे असते. मधमाश्यांच्या मेणात मुक्त आम्ले असतात. म्हणून संग्रहालयांत आता खनिज तेलापासून मिळणारे सूक्ष्मस्फटिकी मेण पसंत केले जाते. पॉलिएथिलीन मेणाशी मिसळून पांढऱ्या स्पिरिटात मळलेले असे मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकात तयार झाले आणि रेनेसान्स वॅक्स या नावाने जगभर पसरले.

ते लावण्याची रीत साधी आहे. धातू हाताला ऊबदार लागेल इतपतच तापवितात, म्हणजे त्यावरील ओल उडते आणि मेण रेषांच्या तळापर्यंत वाहते. मग मऊ ब्रशाने मेण अगदी पातळ पसरतात, स्पिरिट उडू देतात आणि सुती कापडाने हलकेच पुसतात. खाचेत जास्त मेण राहिल्यास ते पुढे धुळीने पांढुरके दिसते. संपूर्ण पृष्ठभागावर एक पातळ हात दिल्यानंतर दुसरा देणे हे एकाच जाड हातापेक्षा केव्हाही श्रेयस्कर असते.

समुद्रकाठच्या संग्रहात मेणाखाली ॲक्रिलिक रोगणाचा पातळ थर देण्याचीही पद्धत आहे. पॅरालॉइड बी-७२ हे रोगण ॲसिटोनमध्ये विरघळते आणि वर्षांनंतरही त्याच द्रावकाने काढता येते. मात्र हाताळल्या जाणाऱ्या पिस्तुलावर रोगण खरचटते आणि त्या ओरखड्यातून गंज आत शिरतो. कपाटातील वस्तूलाच ते शोभते.

सोन्याच्या तारेचे काम

भारतीय शस्त्रांच्या बाबतीत या सर्व विचाराला वेगळे वळण मिळते, ते कोफ्तगिरीमुळे. या कलेत पोलादाचा पृष्ठभाग प्रथम धारदार हत्याराने आडव्या-उभ्या बारीक चरांनी खरखरीत करतात. त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार हातोडीने ठोकून बसवितात, तापवितात आणि घोटून गुळगुळीत करतात. सियालकोट, जयपूर, उदयपूर ही या कामाची नामांकित केंद्रे होती. तलवारींच्या मुठींबरोबरच बंदुका व पिस्तुले यांवरही असे काम आढळते. अधिक खोल खाचेत सोने भरण्याच्या प्रकाराला तहनिशां म्हणतात.

कोफ्तगिरीतील सोने अतिशय पातळ असून ते केवळ त्या चरांच्या पकडीवर टिकलेले असते. सोने आणि पोलाद एकमेकांना चिकटून असल्याने ओल मिळताच तेथे विद्युत्‌घट निर्माण होतो. सोने अबाधित राहते आणि त्याच्या कडेचे पोलाद झिजते. कडेखालची पकड गेली की तार सुटते. अशा पिस्तुलावर आम्ल, उकळते अल्कली, झिलईचे चाक आणि विद्युत्‌विलेपन यांपैकी काहीही चालत नाही. मूळ निळी पार्श्वभूमी फिकी झाली असली तरी ती तशीच ठेवावी लागते. सैल गंज भिंगाखाली लाकडी काडीने आणि तेलाच्या थेंबाने काढणे, स्पिरिटाने पुसणे आणि मेणाचा पातळ हात देणे एवढेच उपचार येथे सुरक्षित आहेत.

शंभर वर्षांहून जुन्या शस्त्राची भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कलावस्तू कायद्यान्वये पुरावस्तू म्हणून गणना होऊ शकते. परंतु कायद्याचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी जुना मूळ रंग हा त्या वस्तूचा पुरावाच असतो. ती कोणत्या कारखान्यात, कोणत्या पद्धतीने घडली आणि तिचा कसा वापर झाला, हे त्यावरून अभ्यासकाला कळते. नव्या निळ्या रंगाने झळकणारे शंभर वर्षांचे पिस्तूल डोळ्यांना सुखवील, पण तो पुरावा त्याने कायमचा गमावलेला असतो. १९७६ मध्ये लखनौ येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेसारख्या संस्थांचा अशा कामात सल्ला घेणे हितावह असते.

निवडीचे निकष

एकंदर विचार करता निवड तीन प्रश्नांवर येऊन ठेपते. पिस्तूल नवे आहे की जुने? ते वापरले जाणार की जपून ठेवले जाणार? आणि नक्षी किती सूक्ष्म आहे? नव्या, वापरातील आणि सूक्ष्म नक्षीच्या पिस्तुलाला संथ गतीने चढविलेला निळा रंग व त्यावर नियमित तेल हाच उत्तम पर्याय होय. दमट हवेत सतत बाळगल्या जाणाऱ्या आणि खोल, ठसठशीत नक्षी असलेल्या नव्या पिस्तुलाला विद्युत्‌प्रवाहाविना दिलेले निकेल अधिक उपयोगी पडते. जुन्या पिस्तुलाला, मग त्यावरील मूळ रंग कितीही झिजलेला असो, मेणाखेरीज काही लावू नये. मेण उद्या काढता येते. घासलेली रेषा मात्र पुन्हा मिळत नाही.

लेप कोणताही असला, तरी त्याला साठवणीची जोड लागते. कातड्याच्या पिशवीत पिस्तूल कायम ठेवणे हा गंजाला दिलेला उघड आश्रय आहे, कारण कातडे ओल धरून ठेवते आणि कमावताना वापरलेली आम्ले व क्षार त्यात उरलेले असतात. घट्ट झाकणाची पेटी, तीत वेळोवेळी तापवून कोरडे केलेले सिलिका जेल, आर्द्रता दाखविणारे साधे उपकरण आणि हाताळताना सुती हातमोजे ही साधने महाग नाहीत. पेटीतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली आणि पृष्ठभाग क्षारमुक्त असला, तर अगदी पातळ मेणही वर्षानुवर्षे पुरते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा भिंगाने खाचांची तपासणी केल्यास गंजाचा पहिला ठिपका, तो नक्षीपर्यंत पसरण्याआधीच, दृष्टीस पडतो. संरक्षणाचे निम्मे काम लेप करतो आणि उरलेले निम्मे ही नियमित देखरेख करते.